हसंल त्यानं समजवायचं

आमच्या ग्रुपवर माणसांना नावं नाहीत, गावं आहेत. ज्याचं जे गाव, तेच त्याचं नाव. "गारगोटी, तुमचं उत्तर चुकलंय बघा." "कुरुंदवाड, झोपलीस काय गं?" "फुलेवाडी, आकृती काढून टाका, तोंडी कळत न्हाय." यातली फुलेवाडी म्हणजे मी. शाहूपुरीचे दोघे आहेत, त्यामुळं एक नुसती शाहूपुरी आणि दुसरे शाहूपुरी टोपीवाले, कारण त्यांच्या फोटोत टोपी आहे. हे गृहस्थ रस्त्यात समोर आले आणि टोपी नसली, तर मी त्यांना ओळखायची नाही.

ग्रुपचं नाव 'अडलंय काय?' सुरू केला कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या एका बाईंनी, स्वतःच्या विद्यार्थ्यांसाठी. पण आपल्याकडं चार माणसं बोलत बसली की पाचवा येऊन टेकतोच. विद्यार्थ्यांचे मामा आले, मामांचे दोस्त आले, रिटायर झालेली मंडळी आली आणि चहाच्या गाड्यावर रंगाव्यात तशा गप्पा सुरू झाल्या. फरक एवढाच की इथं राजकारण नाही आणि कुणाच्या घरातलं उणंदुणं नाही. इथं भांडण कशावरून? तर बर्फ पाण्यावर तरंगतो, मग थिजलेल्या तुपाचा गोळा पातळ तुपात तळाला का जातो? पाठांतर बसून चांगलं होतं की फेऱ्या मारत? अभ्यासाला बसताना मोबाइल ठेवायचा कुठं? कुरुंदवाडनं लिहिलं, "मी तांदळाच्या डब्यात पुरून ठेवते." लगेच कुणीतरी विचारलं, "मग हे लिवतीस कुठनं? डब्यातनं?"

मला हे सगळं वाचताना इतका आनंद व्हायचा की हातातलं ब्लाउज तसंच राहायचं. मी शिवणकाम करते. शाळांचे गणवेश, ब्लाउज, फॉल-पिको. आणि मी दहावी नापास. एकदा नाही, दोनदा, दोन्ही वेळा गणितात. विज्ञानाच्या तासाला सगळ्यात पुढं हात माझा असायचा, पण गणितानं दार लावून घेतलं. दुसऱ्यांदा नापास झाले तेव्हा आप्पा, म्हणजे माझे वडील, एवढंच म्हणाले, "बास झालं आता." ओरडले नाहीत, काही नाही. पुढच्या उन्हाळ्यात लग्न लावून दिलं आणि मी नेसरीहून फुलेवाडीत आले. आप्पांचा दर रविवारी फोन येतो. ऊस, म्हशी, पाऊस, कुणाचं लग्न, कुणाचं ऑपरेशन, सगळं बोलतात. शाळेचा विषय आमच्यात त्या दिवसानंतर कधी निघाला नाही.

लेक शिकली, नोकरीला पुण्याला गेली. घर शांत झालं तसं माझं जुनं दुखणं वर आलं. बाहेरून दहावीला बसता येतं हे कळल्यावर सतरा नंबरचा फॉर्म भरला. नवऱ्याला सांगितलं, लेकीला सांगितलं, नेसरीला चकार शब्द नाही. मनाशी पक्कं केलं होतं. पास झाले तर अकरावी, तीही सायन्स, वय गेलं चुलीत. आणि गणितात तिसऱ्यांदा गचके खाल्ले तर संपलं. पुन्हा पुस्तकाला शिवायचं नाही, आणि हा उपद्व्याप केला होता हे माहेरी कळूही द्यायचं नाही. नवरा म्हणाला, "एवढी टोकाची शपथ कशाला? पुन्हा बस की." त्यांना काय जातंय सांगायला. दोनदा नापास झालेल्या माणसाला तिसऱ्यांदा बसण्याचं बळ कुठनं गोळा करावं लागतं, ते पहिल्या फटक्यात पास झालेल्याला कळत नाही.

त्या फिजिक्सच्या बाई माझ्याकडं ब्लाउज टाकायला यायच्या. एकदा मशीनवर त्यांना दहावीचं गणिताचं पुस्तक दिसलं. "लेकीचं का?" म्हणाल्या. "नाही, माझं," मी म्हटलं, जरा तोऱ्यातच. त्यांनी माप देता देता मला ग्रुपवर घातलं.

ग्रुपला नियम एकच, आणि तो बाईंचा नाही, गारगोटीचा. हे एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले मेकॅनिक. नियम असा: हसंल त्यानं समजवायचं. कुणी कितीही येडा प्रश्न टाकू दे, तुम्ही जर हसायचं तोंड टाकलंत, तर त्याला ते नीट समजेपर्यंत समजावून द्यायचं काम तुमच्या गळ्यात. जमणार नसेल तर हसायचं नाही. कोल्हापूरच्या माणसाला हसू नको म्हणून सांगणं म्हणजे जेवू नको म्हणण्यासारखं. पण हसायची किंमत लावल्यावर सगळे सरळ झाले. एका पोरानं विचारलं होतं, "वजा गुणिले वजा अधिक का? दोन चुकीच्या गोष्टी मिळून बरोबर होतात व्हय?" गारगोटी हसले. मग हे गृहस्थ उन्हातान्हात गावाबाहेर गेले, कुणाचा तरी ट्रॅक्टर मागं घ्यायला लावला, त्याचा व्हिडिओ काढला आणि तो उलटा चालवून ग्रुपवर टाकला. मागं जाणारा ट्रॅक्टर व्हिडिओत झोकात पुढं चाललेला. खाली लिहिलेलं, "ट्रॅक्टर उलटा, पिच्चर उलटा. गेला का न्हाय म्होरं?" मला शाळेत हे कुणी असं दाखवलं असतं तर, असं वाटून त्या दिवशी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं.

आता माझी करामत सांगते. त्या आठवड्यात ग्रुपवर 'एक' ही मूळ संख्या आहे की नाही, यावर घनघोर लढाई झाली होती. मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून कुणीच भागत नाही ती. दोन, तीन, पाच, सात. शाहूपुरी टोपीवाले एकाच्या बाजूनं वकील असल्यासारखे भांडत होते. बिचाऱ्याला बाहेर काढू नका म्हणून. शेवटी बाईंनी पटवून दिलं आणि एक बाहेर गेला. माझ्या डोक्यात नुसत्या मूळ संख्या नाचत होत्या. त्याच नादात वर्गसमीकरणं सोडवायला घेतली. x चा वर्ग, वजा सात x, अधिक बारा, बरोबर शून्य. समीकरणाची मुळं काढा. काढली. तीन आणि चार. मग मी विचार केला: तीन मूळ आहे, ठीक. पण चार? चाराला दोननं भाग जातो की! चार कशी मूळ असेल? मी चारावर काट मारली. पाठीमागच्या पानावर उत्तर बघितलं तर तिथं तीन आणि चार दोन्ही छापलेली. झालं! माझ्या डोक्यात तिडीक गेली. एवढी मोठमोठी माणसं बसून पुस्तक करतात आणि साधी मूळ संख्या कळत नाही? फोटो काढला, ग्रुपवर टाकला आणि ठसक्यात लिहिलं, "पुस्तकात चूक आहे. चार ही मूळ संख्या नाही. याला मूळ एकच, तीन. कुणाकडं तक्रार करायची ते सांगा."

पहिलं हसायचं तोंड गारगोटीचं आलं. मग कुरुंदवाड, मग शाहूपुरी, मग ज्यांनी महिन्यात एक अक्षर लिहिलं नव्हतं तीही मंडळी उठून बसली. पिवळ्या तोंडांची रांग खाली खाली लांबतच गेली! मला काही केल्या कळेना की ही हसतायत कशाला. आणि कळलं नाही म्हणूनच जास्त लागलं. नापास झाल्यावर वर्गात जसं व्हायचं तसंच झालं, कान गरम. आपल्याला ही साधी गोष्टसुद्धा कळत नाही तर पेपर काय कपाळ सोडवणार, असं वाटलं. कुणाचं समजावणं यायच्या आत मी ग्रुप सोडला. पुस्तक उचलून कपाटात, गणवेशाच्या कापडाखाली घातलं. नवऱ्यानं विचारलं, "काय झालं?" "काही नाही," म्हटलं, "अक्कल आली."

बाईंचा फोन आला, मी उचलला नाही. पुन्हा आला, पुन्हा नाही. भांडायचं असतं तर उचलला असता. रडं येईल अशी भीती होती.

दोन-चार दिवसांनी सकाळी मी हुक लावत बसले होते. नवऱ्याची सेकंड शिफ्ट, त्यामुळं ते घरात. दारात एक उंच, काळेसे, पांढरा शर्ट घातलेले गृहस्थ उभे. नवरा म्हणाला, "कोण पावणं? या की आत."

ते आत आले, चपला सरळ ओळीत ठेवल्या आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "ताई, म्या गारगोटी."

माझ्या हातातली सुई खाली पडली. नवरा गोंधळला. माणूस स्वतःला गारगोटी म्हणतोय हे त्यांना काही झेपेना. मी घाईघाईनं सांगितलं की हे ग्रुपवरचे काका. काकांनी पाणी घेतलं, तांब्या खाली ठेवला आणि सरळ मुद्द्याला हात घातला.

"त्या दिवशी सगळ्यांच्या आदी म्या हसलो. आनि तुमी निघून गेलासा. मग माझं समजवायचं ऱ्हायलंच की! नेम म्याच घातलाय, मोडून कसं चालंल? बाईंच्याकडनं पत्ता घेटला. डोळं दाखवायला कोल्लापुरात यायचंच हुतं."

"काका, सोडा हो ते. माझ्याच्यानं होत नाही," मी म्हटलं.

"हुईल न हुईल ते मागनं. आदी मला सांगा, आत्ता मी दारात हुबा ऱ्हायलो, तवा तुमचं मालक मला काय म्हनालं?"

"पावणं."

"मला वळखत हुते?"

"नाही."

"बरं. उद्या तुमच्या लेकीचं लगीन झालं, तिचा सासरा घरला आला, तर त्येला काय म्हनशीला?"

"पावणंच म्हणणार."

"मग म्या तुमच्या लेकीचा सासरा झालो व्हय?"

नवरा असा काही हसला की शेजारीण डोकावून गेली. मीही हसले. काका मात्र हसले नाहीत. ते पुढं सरकले आणि सावकाश म्हणाले, "शब्द एक, मानसं दोन. वाटंवरचाबी पावणं आनि सोयरीकीतलाबी पावणं. आपन घोटाळा करतो का? न्हाय. कुठं बोललंय त्यावरनं कळतंय. तसंच मूळ हाय ताई. मूळ संख्या येगळी, जिचं तुकडं पडत न्हाईत ती. आनि समीकरणाचं मूळ येगळं. जी संख्या आत घातली की समीकरण शून्यावर येतंय, ती त्येचं मूळ. मग ती चार असू दे न्हाय तर चाळीस. घाला बघू चार."

मी हिशेबाच्या पाटीवर नाही, हातातल्या कापडाच्या कडेला खडूनंच लिहिलं. चाराचा वर्ग सोळा. वजा अठ्ठावीस. अधिक बारा. शून्य!

"आलं?"

"आलं."

"मग त्या चारानं तुमचं काय घोडं मारलंय? कशाला बिचाऱ्याला काटलंसा?"

मला हसू आणि रडू एकदमच आलं. लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही. इतक्या वर्षांत गणितातलं एखादं कोडं माझ्यासमोर असं अलगद सुटून पडलं नव्हतं. काका उठायला लागले. नवरा म्हणाला, "जेवूनच जायचं." काका म्हणाले, "आवो, म्या वाटंवरचा पावणं." नवरा म्हणाला, "आता न्हाय. आता सोयरीकीतलं झालासा." मी भाकरी टाकल्या. काकांनी दोन खाल्ल्या, तिसरीला नको नको म्हणत अर्धी घेतली आणि जेवता जेवता भाकरी का फुगते हे नवऱ्याला समजावून सांगितलं. आयुष्यभर भाकरी खाल्लेला माझा नवरा तोंड उघडं टाकून ऐकत होता.

डोळे दाखवायचं निमित्त खोटं होतं, हे मला बाईंनी नंतर सांगितलं. काका मुद्दाम आले होते. एसटीनं, सकाळच्या गर्दीत, एका बाईला चार ही संख्या परत द्यायला. मला या माणसाबद्दल काय वाटतं ते कसं सांगू? मोठमोठ्या पदव्या मिळवलेली हुशार माणसं मी पाहिलीत, त्यांच्याबद्दलही आदर आहे. पण स्वतःच्या हसण्याची जबाबदारी घेऊन कुणी दार वाजवलेलं मी दुसरं पाहिलेलं नाही.

संध्याकाळी मी बाईंना फोन केला, त्यांनी मला ग्रुपवर परत घेतलं आणि मधल्या दिवसांतलं सगळं पाठवून दिलं. बघते तर काय, मी नसताना माझ्या चुकीवर मेळा भरलेला! मराठीनं या दोन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द का दिला, यावर पानंच्या पानं लिहिलेली. शाहूपुरी टोपीवाल्यांचं म्हणणं, सगळ्या संख्या मूळ संख्यांच्या गुणाकारातूनच उगवतात, म्हणून त्या मूळ, यात शब्दाचा काही दोष नाही. कुरुंदवाड, जी इंजिनिअरिंगला आहे, तिनं लिहिलं होतं, "मी हसले, पण समजवायला बसले तेव्हा मलाच शब्द सापडेनात. मला नुसतं सोडवायला येत होतं." आणि बाईंनी लिहिलेलं मी कितीदा तरी वाचलं. "ही चूक इंग्रजीतून शिकणाऱ्याला करताच येणार नाही. तिकडं दोन्हींना वेगवेगळे शब्द आहेत. ही आपली घरची चूक आहे, आणि ती करायला मूळ संख्या पक्क्या माहीत असाव्या लागतात. फुलेवाडी आल्या की त्यांना सांगा, डोकं चालतं त्यांचं."

डोकं चालतं! माझ्या गणिताबद्दल हे वाक्य आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. कपाटातलं पुस्तक काढलं. कापडाचा वास लागला होता त्याला.

मग मी मागं वळून बघितलं नाही. येड्यासारखे प्रश्न विचारले. भूमितीत स्पर्शिका आणि त्रिज्या काटकोनातच का भेटतात, संभाव्यता म्हणजे नेमकं काय, पत्ते कधी हातात न धरलेल्या बाईनं बदामची राणी निघण्याची संभाव्यता कशी काढायची. यावर शाहूपुरी हसली आणि तिला सगळी पत्त्यांची पानं मांडून फोटो टाकावे लागले. बरं झालं, मला राजा-राणी कळले. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, सून जुगार शिकायला लागली.

परीक्षेच्या दिवशी वर्गात सगळी पोरं-पोरी, आणि त्यातल्या निम्म्यांच्या अंगावर मी शिवलेला गणवेश. माझ्या पुढच्या बाकावरच्या पोरीची कॉलर जरा वाकडी बसली होती. पेपर हातात येईपर्यंत माझं सगळं लक्ष त्या कॉलरकडं, की ही माझ्याकडनं अशी गेलीच कशी. पेपर आल्यावर मात्र कॉलर विसरले. काही आलं, काही आलं नाही. आलेलं नीट लिहिलं. भूमितीच्या पेपरला जरा घाबरले, एक प्रमेय अर्ध्यावरच राहिलं. बाहेर आल्यावर नवरा गेटवर उभा, लेकीच्या वेळी उभा राहायचा तसाच, पाण्याची बाटली घेऊन. "कसा गेला?" "गेला," म्हटलं.

निकालाच्या दिवशी दुपारी वेबसाइट उघडेना. नवरा बोटानं मोबाइल घासून घासून थकला. ग्रुपवर सगळे बसलेले. "फुलेवाडी, लागला का?" "फुलेवाडी, दम खावा, सगळ्या राज्याची गर्दी हाय." मी मशीनवर बसले होते, पण धागा ओवता येईना. अखेर पान उघडलं. नवऱ्यानं वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मोबाइल माझ्या हातात देऊन ते बाहेर जाऊन उभे राहिले. मी पास होते. गणितात पास. काठावर नव्हे, चांगली पास.

ग्रुपवर टाकलं. कुणी काय लिहिलं ते आता सांगत बसत नाही. गारगोटीनं लिहिलं, "आमच्या गारगोटीत आज पेढं वाटनार." कुरुंदवाडनं विचारलं, "मार्क कुठं गेले? प्रश्नपत्रिका टाका, बघू या." अभ्यासाची माणसं ती, सुधारायची नाहीत.

मग नेसरीला फोन लावला. आप्पांना ऐकायला कमी येतं. त्यामुळं नेसरीशी बोलायचं म्हणजे आमच्या गल्लीला फुकटचा कार्यक्रम असतो.

"आप्पा, मी दहावी पास झाले!"

"कोन?"

"मी!"

"कुनाची पोरगी म्हंतीस?"

"अवो, तुमची! तुमची पोरगी!"

तिकडून नुसती पाण्याच्या मोटारीची घरघर ऐकू येत होती, म्हणजे फोन चालू होता. मग हळू आवाजात, आप्पा हळू बोलतात हे मला माहीतच नव्हतं, त्यांनी विचारलं, "गनितात?"

"गणितातपण झाले आप्पा."

मला वाटलं, आता म्हणतील, या वयात कशाला ही थेरं. नाहीतर म्हणतील, बरं झालं, आणि म्हशीवर जातील. मी दोन्हीची तयारी करून बसले होते.

"मग आता अकरावीला कुठं घालायचं तुला?"

मी पदर तोंडात धरला. चाळिशी उलटलेली बाई मी, लेकीच्या लग्नाचं बघायला लागलेली, आणि जूनमध्ये पोरीचा हात धरून शाळेत निघालेल्या बापानं विचारावं तसं ते मला विचारत होते. त्यांना वाटलं फोन कट झाला. ते मोठ्यानं ओरडायला लागले.

"हॅलो? अगं, ऐकाय येतंय न्हवं? हॅलो! सायन्सलाच घालू या की. तुला लई आवड हुती."